आपण जिंकलो, ते हरले

मराठी भाषेनं माणसाची एक मोठी सोय करून ठेवली आहे. इंग्रजांजवळ एकच 'वुई'. त्यातच सगळ्यांना कोंबायचं. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. यजमान 'आम्ही आता जेवणार आहोत' म्हणाला की पाहुण्यानं चपला शोधायच्या, आणि 'आपण आता जेवू या' म्हणाला की हात धुवायचे. पंगतीत कोण आणि पंगतीबाहेर कोण, हे एका शब्दात उरकतं.

परंतु वाचकहो, या 'आपण'ला एक खोड आहे. तो सोयीनं येतो आणि सोयीनं जातो. जिंकतो तो 'आपण', आणि हरतात ते 'ते'.

पटत नसेल तर एखाद्या सोमवारी सकाळी आमच्या बँकेत, माझ्या काउंटरपुढे येऊन उभे राहा. १९ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलियानं जिंकला. सोमवारी पासबुक भरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "हरले लेकाचे! एकाला खेळता येत नाही." पुढे २९ जून २०२४ ला बार्बाडोसला टी-ट्वेंटीचा विश्वचषक मिळाला. सोमवारी तेच गृहस्थ, तेच पासबुक. "काय साहेब, जिंकलो की नाही आपण!" दोन्ही सामने त्यांनी एकाच सोफ्यावर, बहुधा एकाच बनियनमध्ये पाहिलेले. त्यांच्या खेळात काडीचाही फरक नव्हता. सात महिन्यांत बदललं ते फक्त सर्वनाम.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला लगेच १९३२ सालचा भागीदारी कायदा आठवतो. हा कायदा मोठा रोखठोक आहे. भागीदार व्हायचं तर नफा-तोटा दोन्ही घ्यायचे. फर्म बुडाली की सावकार ज्याच्या दारात जाईल त्या भागीदाराकडून सगळं देणं वसूल करू शकतो. 'नफ्यापुरता मी आपला, तोट्याचं त्यांना विचारा' असं म्हणायची सोय नाही. मग क्रिकेटच्या फर्ममध्येच ती का असावी?

आता १९७१ चंच पाहा. अजित वाडेकर हे आमच्याच धंद्यातले, स्टेट बँकेतले. त्यामुळे ओव्हलच्या विजयात आम्हा बँकवाल्यांचा 'आपण' इतरांपेक्षा जरा ठळक टायपातला. माझा जन्म तेव्हा व्हायचा होता. पण तेवढ्यानं 'आपण' म्हणायला काही अडत नाही. चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपला, आणि २४ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, आपण जिंकलो. गंमत म्हणजे ४५ धावांवर धावबाद झालेले खुद्द कर्णधार वाडेकर त्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते. जिंकल्याचं त्यांना उठवून सांगावं लागलं. म्हणजे ज्यांनी जिंकलं ते निवांत झोपलेले, आणि जे 'आपण' ते इकडे रेडिओला कान लावून घामाघूम!

तीनच वर्षांनी, १९७४ साली, लॉर्ड्सवर आपला, चुकलो, त्यांचा डाव ४२ धावांत संपला. मालिका तीन-शून्यनं गेली. १९७१ च्या पराक्रमाची आठवण म्हणून इंदूरला काँक्रीटची एक भलीमोठी बॅट उभारली होती, ती लोकांनी विद्रूप करून टाकली. उभारली तेव्हा 'आपली' होती. फासली तेव्हा 'त्यांची'.

नाटकाचं मात्र मला थोडं वेगळं वाटतं. तिथे प्रेक्षकाचा 'आपण' अगदीच खोटा नसतो. रिकाम्या खुर्च्यांसमोर विनोदी नाटक करून पाहा! हशा हे प्रेक्षकानं घातलेलं भांडवलच आहे. तसा तोटाही त्याच्या हातात असतो. ऐन करुण प्रसंगी पाचव्या रांगेत कुणाच्या तरी खिशात आरती वाजायला लागते, आणि मरणाऱ्या नायकापेक्षा मोबाइल सापडत नसलेल्या त्या इसमाचीच जास्त दया येते. पण प्रयोग संपल्यावर 'आज नाटक आपण पाडलं' असं म्हणत बाहेर पडणारा प्रेक्षक मी पाहिलेला नाही. 'काय रंगला आपला प्रयोग!' म्हणणारे पुष्कळ. कहर म्हणजे घरी टीव्हीसमोर बसलेला माणूसही हळहळतो, "मराठी नाटकाला हल्ली प्रेक्षक राहिला नाही हो!" इथे तर स्वतः प्रेक्षकसुद्धा 'तो' होतो.

प्रवासात हाच 'आपण' डोंगर चढतो, तोही बसल्या बसल्या. रायगडाला रोपवे झाल्यापासून काही मिनिटांत माणूस वर पोचतो. वर दोन फोटो, खाली पिठलं-भाकरी, आणि गाडीत बसताना उद्गार, "सर केला बुवा रायगड!" ज्या हिरोजी इंदुलकरांनी तो गड खरोखर बांधला, त्यांनी आपलं नाव जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर कोरलं. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडावा अशा जागी. रोपवेनं गेलेल्यांची नावं मात्र भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीला, बदामासकट! 'आपला इतिहास' म्हणतात तो हाच. भिंत खराब कोण करतं विचाराल, तर अर्थात 'ते'.

पुस्तकांकडे वळावं तर तिथं हिशेब अधिक अवघड होतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. 'अभिनंदन, आपण अभिजात झालो!' असे संदेश मला दिवसभर येत होते. एका संदेशात दोन ओळींत शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या. गाथासप्तशती नि लीळाचरित्र ज्यांच्या नावावर जमा झाली, त्यातल्या कितीजणांनी ती उघडली असतील, हे मी विचारत नाही. बँकेत खातेदाराला असे प्रश्न विचारायचे नसतात.

पण एक प्रश्न मला झोपू देत नाही. तुकोबा आपले. मग त्यांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावणारे कोणाचे? १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, ती आपल्या महाराष्ट्रात, असं आपण छाती पुढे काढून सांगतो. त्या शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण नि चिखल फेकणारे कुठले? ते काही परप्रांतातून आले नव्हते. आसपासच्याच गल्ल्यांतून आले होते, आणि मराठीतच शिव्या देत होते. सावित्रीबाईंचे वारस म्हणवणारे आज गल्लोगल्ली भेटतात. शेण फेकणाऱ्यांचा एकही वारस मला आजवर भेटलेला नाही. एवढी माणसं निर्वंश कशी झाली?

पूर्वजांची इस्टेट घ्यायची आणि कर्ज तेवढं शेजाऱ्याच्या नावावर टाकायचं, हे जमाखर्चाच्या कुठल्याच पद्धतीत बसत नाही. तेव्हा मीसुद्धा फेकणाऱ्यांत असतो, की नुसता खिडकीतून बघत उभा राहिलो असतो? बहुधा दुसरंच. आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणालो असतो, "लोक फार वाईट आहेत हो."

मग काय, 'आपण' म्हणणंच सोडून द्यायचं? छे! 'ते जिंकले' म्हणून पेढे वाटणारा माणूस शेजारी राहायला आला तर मी घर बदलीन. ज्या विजयात आपलं बोटही लागलं नाही त्यानं डोळे भरून येणं, हीच तर माणसाची श्रीमंती आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे खातं जॉइंट असेल तर नावेची बाजूही वाचावी.

त्याच भागीदारी कायद्यात तिसावं कलम आहे. त्याप्रमाणे अज्ञान मुलाला, सगळ्या भागीदारांच्या संमतीनं, फर्मच्या फायद्यात घेता येतं. नफ्यात त्याला वाटा मिळतो, पण देण्यासाठी त्याला व्यक्तिशः जबाबदार धरता येत नाही. वाचताना वाटलं, अरे, हे तर आपलंच वर्णन! परंतु पुढची ओळ मोठी खट्याळ आहे. तो सज्ञान झाला, की सहा महिन्यांच्या आत त्यानं जाहीर करायचं, भागीदार राहणार की बाहेर पडणार. आणि तो काहीच बोलला नाही, तर? कायदा म्हणतो, तो भागीदार झाला. देण्यासकट.

आपली मुदत केव्हाच उलटून गेली आहे.