कुलूप आणि शेजारधर्म

घराला भिंती असतात, पेटीला झाकण असते, आणि तिजोरीला तर स्वतःच्या पोलादाखेरीज घराच्या भिंतींचीही आड असते. मोटारसायकलीला यांतले काहीच नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाने हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतलेली ही मोलाची चीज आम्ही रोज रस्त्याच्या कडेला, उघड्या आकाशाखाली, ज्यांचे नावगावही आम्हांस ठाऊक नाही अशा शेकडो लोकांच्या दृष्टीसमोर उभी करतो आणि सुखाने निजतो. ही गोष्ट नित्याची झाल्यामुळे तीतील नवल आमच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः ती समाजाच्या हवाली केलेली एक ठेवच होय. आणि ती ठेवीत असतानाच आम्ही तिच्या चाकातून पोलादी साखळी ओवून कुलूप घालतो, म्हणजे ज्याच्यावर ठेव सोपविली त्याच्याविषयीचा अविश्वासही त्याच क्षणी जाहीर करतो. विश्वास आणि अविश्वास यांना असे एकाच खुंट्याला बांधणे नीतीच्या दृष्टीने कितपत योग्य, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु मनुष्याची नीती मोठ्या प्रसंगांपेक्षा अशा रोजच्या हालचालींतच अधिक उघडी पडते.

पहिला आक्षेप असा की, कुलूप हा सज्जनांचा अपमान आहे. शंभर माणसे वाहनाजवळून जातात, त्यांपैकी नव्याण्णवांच्या मनात पापाचा लेशही नसतो. मग एकासाठी सर्वांवर संशय का घ्यावा? अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना दारे व कुलुपे न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये यूको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा गावाच्या श्रद्धेस मान देऊन तिच्या दाराला नेहमीचे कुलूप घातले नाही. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी एका यात्रेकरूच्या वाहनातून पैसे व चीजवस्तू गेल्याची तक्रार तेथे झाली होती, हेही विसरून चालणार नाही. जेथे सर्वांच्या मनात एकच धाक वसतो तेथे कुलूप अनावश्यक होते. जेथे बाहेरची वर्दळ वाढते तेथे तो धाक सर्वांपर्यंत पोहोचतोच असे नाही.

शिवाय आमच्या मते हा आक्षेप मुळातच उलटा आहे. कुलूप कोणावरही नाव घेऊन आरोप करीत नाही. उलट जेथे कुलूप नसते तेथे वस्तू नाहीशी होताच संशय नावानिशी फिरू लागतो. प्रथम रखवालदारावर, मग झाडलोट करणाऱ्या बाईच्या मुलावर, मग समोरच्या चाळीतील बेकार तरुणावर. आणि हा क्रम बहुधा गरिबीच्या उतरंडीने जातो, पुराव्याच्या आधाराने नव्हे. मृच्छकटिकातील चारुदत्ताच्या घरी शर्विलक भिंत फोडून वसंतसेनेचे अलंकार नेतो, तेव्हा त्या उदार पुरुषास अलंकार गेल्याहून अधिक दुःख होते ते याचे, की दरिद्री माणसाच्या सांगण्यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. चोरीचा दुसरा घाव नेहमी असा निरपराध्याच्या अब्रूवर बसतो. या घावापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रक्षण करणारे कुलूप हे अविश्वासाचे चिन्ह नसून, एका अर्थी विश्वासाची राखणच आहे.

दुसरा प्रश्न दोषाचा. कुलूप न लावलेले वाहन चोरीस गेले म्हणजे शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो चोराविषयी नव्हे. “साखळी घातली नव्हती का?” असे म्हणून ते मालकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. कायदा येथे समाजाहून अधिक न्यायी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची जी व्याख्या होती, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जी आहे, तिच्यात कुलुपाचा उल्लेख नाही. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने हलविली, की चोरी झाली. विमा कंपनी मात्र वाहनाची वाजवी काळजी घेतली होती की नाही हे पाहते. यात विसंगती काहीच नाही. पाप चोराचे आणि गाफीलपणा मालकाचा, ही दोन निरनिराळी खाती आहेत. एका खात्यातील रक्कम दुसऱ्यात वळती केल्याने पहिल्यातील देणे फिटत नाही.

आता कुलूप करते तरी काय, हे पाहू. अभेद्य कुलूप ही मनाची समजूत आहे. लंडनमध्ये ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप १७९० पासून, ते उघडणारास दोनशे गिनी देण्याच्या आव्हानासह, मांडलेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून ते उघडले. मोटारसायकलीच्या कुलुपांना इतका वेळ लागत नाही. हँडलचे कुलूप जोराच्या हिसक्याने तुटते. चकतीच्या ब्रेकला घालावयाचे कुलूप चाक फिरू देत नाही, पण वाहन उचलून टेम्पोत घालणाऱ्या चौघांपुढे ते निरुपयोगी आहे; आणि ते काढावयाचे विसरून गाडी सुरू केली, तर स्वारच तोंडघशी पडतो. जाड, कठीण केलेल्या पोलादाची साखळी यांहून बरी. परंतु ती जमिनीवर लोळत ठेवली, तर चोराला कातरीचा एक दांडा जमिनीस टेकवून सर्व भार दुसऱ्यावर घालता येतो. म्हणून ती जमिनीपासून उंच, केवळ चाकातून नव्हे तर सांगाड्यातून ओवून, एखाद्या पक्क्या खांबास आवळावी लागते. इतके करूनही बॅटरीवर चालणारे कापणीचे यंत्र तिला थोड्या मिनिटांत तोडू शकते. तात्पर्य, कुलूप विकत घेणारा अभेद्यता विकत घेत नाही. तो चोराचा थोडा वेळ आणि थोडी भीती विकत घेतो.

आणि येथेच खरा नैतिक पेच उभा राहतो. कुलुपाचे सामर्थ्य जर केवळ तुलनेचे असेल, तर माझी साखळी जाड असणे याचा अर्थ शेजाऱ्याची बारीक ठरणे असाच ना? मग आम्ही चोरास हाकलले, की त्याला पुढच्या दाराचा पत्ता दिला? या शंकेला अनुभवाचा आधार आहे. पश्चिम जर्मनीत १९६३ पासून नव्या व जुन्या सर्वच मोटारींना सुकाणूचे कुलूप सक्तीचे झाले, तेव्हा मोटारींच्या चोऱ्या एकंदरच घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ते केवळ नव्या मोटारींना आले. परिणामी नव्या मोटारी वाचल्या आणि चोरांचा मोर्चा जुन्यांकडे वळला. जुनी मोटार कोणाची असते, हे सांगावयास नको. ज्यास कुलूप परवडते त्याची सुरक्षितता, ज्यास ते परवडत नाही त्याने भरलेल्या किमतीवर उभी राहिली.

तथापि यावरून चोरी म्हणजे पाण्याचा लोंढा आहे, एके ठिकाणी अडविला की तितकाच दुसरीकडे फुटतो, असे मानणे चूक होईल. त्याच पश्चिम जर्मनीत मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राणाची सक्ती १९७६ मध्ये झाली आणि १९८० पासून ते न घालणारास जागच्या जागी दंड होऊ लागला. हेतू केवळ डोकी वाचविण्याचा होता. परंतु १९८० मध्ये सुमारे दीड लाख असलेल्या मोटारसायकलींच्या चोऱ्या १९८६ पर्यंत सुमारे चोपन्न हजारांवर आल्या, आणि मोटारींच्या चोऱ्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. उभी गाडी पाहून मोहात पडलेला तरुण शिरस्त्राण बरोबर घेऊन हिंडत नसतो. त्याच्यावाचून तो पहिल्याच चौकात पकडला जाई. ज्या चोऱ्या घटल्या त्या घटल्याच. म्हणजे पुष्कळ चोर हे व्यवसायाने चोर नसून, एका मोहाच्या क्षणाने चोर होतात. त्या क्षणी मध्ये आलेले कुलूप आमच्या वाहनाबरोबर त्या मुलाचेही आयुष्य वाचवते. या लाभाचा हिशोब कोणत्याही खतावणीत सापडणार नाही, पण नीतीच्या हिशोबात तोच मोठा आहे.

अमेरिकेतील आयर्स आणि लेव्हिट या अभ्यासकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन याहून बोधप्रद आहे. तेथे काही मोटारींत ठावठिकाणा कळविणारे रेडिओयंत्र गुप्तपणे बसविलेले असे. ते कोणत्या मोटारीत आहे हे चोरास बाहेरून कळत नसल्यामुळे सर्वच मोटारींना त्याचा आडोसा मिळे. आणि एकंदर लाभापैकी जेमतेम एक दशांश यंत्र घेणारास मिळे, बाकीचा शहरातील अनोळखी लोकांस. दृश्य साखळी केवळ आपले रक्षण करते, अदृश्य युक्ती सर्वांचे. आमच्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानतात, त्याचेच हे एक नवे रूप नव्हे काय?

यावरून आमचे मत असे की, कुलूप लावणे हे कर्तव्यच आहे, परंतु तेथे कर्तव्य संपत नाही. ज्या वाड्यात वा सोसायटीत वीस मोटारसायकली उभ्या राहतात, तेथे वर्गणी काढून जमिनीत काँक्रीटमध्ये पक्की कडी बसविणे आणि रात्री एक दिवा जळत ठेवणे, हे वीसजणांनी वीस महागड्या साखळ्या घेण्याहून अधिक शहाणपणाचे आणि अधिक सभ्यपणाचे आहे. खांब नसेल तेथे दोन शेजाऱ्यांनी आपली वाहने एकाच साखळीने एकमेकांस जखडावी. त्यासाठी सकाळी निघण्याची वेळ परस्परांस विचारावी लागेल, आणि तेवढे विचारणे हल्ली पुष्कळ जिन्यांत होत नाही.

शेवटची गोष्ट थोडी कटू आहे. चोरीची मोटारसायकल चोर स्वतःसाठी क्वचितच ठेवतो. ती बनावट कागदांवर खपते, किंवा सुटी होऊन तिचे भाग बाजारात विकले जातात. ते घेतो कोण? पावतीवाचून अर्ध्या किमतीत मिळालेला भाग, कागदपत्रे “मागाहून” देण्याच्या बोलीवर मिळालेली स्वस्त गाडी, ही आमच्यासारख्याच सुशिक्षित घरांत शिरते, आणि घेणारा आपल्या व्यवहारचातुर्यावर खूष असतो. योगशास्त्राने यमांत आणि जैनांनी व्रतांत अस्तेय गणले आहे. तत्त्वार्थसूत्राने तर चोरून आणलेली वस्तू घेणे हा त्या व्रताचा अतिचार म्हणून स्पष्ट सांगितला आहे. स्वतःच्या दारातील मोटारसायकलीला दोन कुलुपे लावून, दुसऱ्याच्या दारातून आलेला भाग हसतमुखाने बसवून घेणाऱ्या गृहस्थाची साखळी कितीही जाड असो, चोराचा रोजमुरा तोच भरीत असतो. वाहन घेताना इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहणे आणि पावतीवाचून स्वस्त मिळणारा भाग परत करणे, यास पैसा थोडा अधिक लागतो. पण प्रत्येक शेजाऱ्याच्या वाहनास एक कुलूप आपण होऊन लावल्याचे श्रेय त्यात आहे.