'मानभावी' हा शब्द आणि साधकाचा मान

एखाद्याचे नावच लोकांनी उलट्या अर्थाने वापरावयास आरंभ केला, तर त्याच्या मनाचे काय होते? हा प्रश्न आपल्या पंथीयांस जितका जवळचा आहे तितका क्वचितच कोणास असेल. 'महानुभाव' हा शब्द थोर अनुभाव असलेल्या पुरुषाचा वाचक. लोकांच्या तोंडी तो झिजून 'मानभाव' झाला. इथवर तक्रारीस जागा नाही, शब्द झिजतातच. परंतु त्यातूनच पुढे 'मानभावी' हे विशेषण रूढ झाले, आणि त्याचा अर्थ ठरला तो असा: वरून नम्र, आतून कपटी. आजही शिकल्यासवरल्या माणसाच्या लेखणीतून 'मानभावीपणा' सहज उतरतो, आणि आपण कोणाचे नाव घेतले याची त्यास पुसट जाणीवही नसते.

याच कुळातली एक म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे: 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.' ही म्हण ऐकून खाली मान घालणारे वासनिक पुष्कळ आहेत. त्यांनी ती एकदा नीट वाचावी. मानभावाची करणी कसाबाची असते, असे म्हण कोठे म्हणते? ती तिसऱ्याच एका माणसाविषयी बोलते. त्याची करणी क्रूर आहे आणि ती झाकण्यासाठी त्याने मानभावाची वाणी उसनी घेतली आहे. उसने घ्यावयाचे ते ज्याच्या घरी असते त्याच्याकडूनच घेतात; खोटे नाणे पाडणारा चालणाऱ्या नाण्याचाच ठसा उचलतो. मृदू वाणी कोणाची, असे विचारल्यावर ज्या समाजास मानभावाचे नाव आठवले, त्या समाजाने आपल्या अहिंसेविषयी नकळत साक्षच दिली आहे. पुढे उसने घेणारा आणि ज्याचे घेतले तो, यांतील भेद पुसला गेला व निंदा मूळ धन्याच्या पदरी पडली. (कसाबावरही या म्हणीने अन्यायच केला आहे. आपला अपमान झाडून तो दुसऱ्या कष्टकऱ्याच्या अंगावर टाकणे हे आपल्या आचारात बसत नाही, म्हणून हे येथेच सांगून ठेवतो.)

आपल्या इतिहासातही असे विपर्यास थोडे नाहीत. संस्कृतात ग्रंथरचना झाली तर साध्याभोळ्या बायाबापड्या नागवल्या जातील, म्हणून श्रीनागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. जे ज्ञान सर्वांना कळावे म्हणून मराठीत आले, तेच पुढे पावित्र्यरक्षणाच्या हेतूने सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद झाले. ज्या मराठी माणसासाठी ते मराठीत होते, त्यालाच ते वाचता येईना. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत ही कोंडी राहिली. जे झाकले आहे त्यात काही काळेबेरे असणारच, असे जगाने धरले, आणि रक्षणासाठी घातलेली कडीच संशयाचे कारण झाली. यात दोष एकट्या जगाचाच होता असे मला म्हणवत नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू. पैठण हे स्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेले क्षेत्र, बाइसांचे गाव. त्याच पैठणच्या किंवा संभाजीनगरच्या बसस्थानकावर एखाद्या भिक्षुकास कोणी हसत हसत, शब्द लांबवून 'दंडवत, महाराज!' म्हणतो. उघड शिवी दिली असती तर सोपे होते. निदान शिवीस शिवी म्हणता येते. येथे शब्द आदराचा, सूर अनादराचा. हरकत घ्यावी तर 'आम्ही दंडवतच तर केला' असे उत्तर तयार असते. ऐकणारा मग स्वतःच्याच कानांवर संशय घेऊ लागतो. उपरोधाचा खरा घाव हाच आहे. तो अपमान करतो आणि अपमान झाला असे म्हणण्याचा अधिकारही काढून घेतो.

वारंवार असे घडले म्हणजे माणूस तीन वाटांपैकी एक धरतो. कोणी लपतो, घरात 'दंडवत प्रणाम' आणि कचेरीत 'नमस्कार', असे दोन व्यवहार ठेवतो. कोणी जगाच्या आधीच स्वतःची थट्टा करून घेतो, म्हणजे दुसऱ्याच्या हाती काही उरत नाही. आणि कोणी ताठून बसतो. तीनही वाटांवर आपली किंमत ठरविण्याचे काम थट्टेखोराकडेच राहते.

यावर एखादा साधक म्हणेल, 'सर्वज्ञांनी तर देशाच्या शेवटी, जेथे आपणास कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, झाडाखाली जन्म घालवावयास सांगितले आहे. ज्याने मानच टाकला त्याचा अपमान कसला?' आक्षेप वजनदार आहे. श्रीगोविंदप्रभूंना रिद्धपूरचे लोक वेडे म्हणत. तेच लोक अडचणीत त्यांना माय आणि बाप म्हणत. प्रभूंनी दोन्ही नावांचा हिशेब ठेवला नाही. मातंगांच्या वस्तीला पाणी नव्हते तेव्हा त्यांच्यासाठी विहीर करविली, आणि लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही.

तथापि टाकणे आणि हिरावले जाणे यांत अंतर आहे. म्हाइंभटांचे उदाहरण घ्या. सराळ्याचे हे विद्वान, धनसंपन्न पुरुष स्वामींशी वाद करण्यास आले, तेव्हा त्यांच्यापाशी विद्वत्तेचा मान भरपूर होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ठेवला. मग लीळांचा शोध घेत, ज्याच्यापाशी आठवण होती त्याच्या दाराशी ते गेले आणि श्रोता होऊन बसले. रिद्धपुरी वाजेश्वरीत बसून त्यांनी जे लिहिले ते आज आपणापुढे आहे. हा त्याग होय. उलट, ज्या लेकराजवळ अद्याप मान म्हणून काही साठलेच नाही, त्याच्याकडून वर्गातील हशाने जे नेले जाते त्यास त्याग कसे म्हणावे? संन्याशाचा धर्म लेकराच्या गळ्यात बांधून 'सहन कर, आपल्या शास्त्रात असेच आहे' असे सांगणारे वडीलधारे आचाराची गल्लत करीत आहेत. अनुसरण घेतलेल्याने सोसावे. वासनिकाने आपल्या मुलास त्या म्हणीचा खरा अन्वय शिकवावा.

संन्याशासही एक गोष्ट तपासून पाहावी लागेल. सभेत मुद्दाम मागे बसायचे आणि कोणीतरी हात धरून पुढे नेईल म्हणून वाट पाहायची, असा प्रकार आपणात नाही काय? तेथे 'मानभावी' हा शब्द कोशातल्या अर्थाने बरोबर बसतो, आणि तो बोचतो तो त्यामुळेच. दृष्टांतपाठातील जात्यंधांनी हत्ती चाचपला तेव्हा ज्याच्या हाती जे आले ते हत्तीचेच होते. निंदकाच्या हातीही एखादे वेळी आपले शेपूट लागते.

अलीकडे वारा फिरला आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि लीळाचरित्राचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. आनंद आहेच. पण आता 'मराठीचा आद्य गद्यग्रंथ आमचा' असे छाती काढून सांगणारा तरुण पाहिला की मला तो ताठून बसणाराच आठवतो. काल लोक हसत म्हणून तो लहान होता, आज लोक वाखाणतात म्हणून मोठा झाला. लोकांच्या तोंडाकडे पाहणे तेवढे सुटले नाही. त्याने त्या ग्रंथातील एक लीळा तरी पूर्ण वाचली आहे काय, एवढेच त्यास विचारावेसे वाटते.

'मानभावी' हा शब्द कोशांतून काढून टाकावा, अशी मागणी अधूनमधून कानी येते. ती मला पटत नाही. बोलण्यातला शब्द ठरावाने जात नाही, आणि गेलाच तर त्याबरोबर झालेल्या अन्यायाची नोंदही पुसली जाईल. कोशकारांनी त्यापुढे त्याची व्युत्पत्ती स्पष्ट लिहावी, शिक्षकांनी ती म्हण शिकविताना तिचा अन्वय करून दाखवावा, इतके मागणे रास्त आहे. बसस्थानकावरील त्या लांबट 'दंडवता'चे म्हणाल, तर एका वृद्ध तपस्विनीची रीत मला योग्य वाटते. त्या थांबतात, हात जोडतात आणि तितक्याच आदराने, सूर न बदलता, 'दंडवत, बाबा' म्हणून पुढे जातात. बोलणाऱ्याच्या शब्दातला आदर त्यांनी जसाच्या तसा स्वीकारलेला असतो. सुराचे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे.