नवतप्यातली झोप

२००३ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात ओलाफर एलियासन या कलाकाराने पिवळ्या दिव्यांचा एक खोटा सूर्य टांगला. हिवाळाभर लोक त्याच्याखाली फरशीवर पडून राहिले. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याला खरा सूर्य फुकट मिळतो, आणि लोक त्याच्यापासून लपायला जागा शोधतात.

उजेड कमी पडला की मन खचतं, हे थंड देशांनी सांगितलं. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी त्या हिवाळी उदासीला आजार म्हटलं. उपाय म्हणून प्रखर दिवा दिला. खाप्यात, कन्हान नदीच्या काठी, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात अडीच-पावणेतीन तासांचंच अंतर. इथे दिवस कमी पडत नाही. रात्र कमी पडते.

झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात रात्री बारालाही भिंत गरमच. झोप मोडलेला माणूस सकाळी घरच्यांवर खेकसतो. घरचे म्हणतात, उन्हानं डोकं तापलंय. हे निदान अर्धं बरोबर असतं.

जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. जमिनीखाली उतरलेल्याला भर दुपारीही दिव्याचाच उजेड. मेंदूतलं घड्याळ मात्र डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं, हजेरीपटावर नाही.

खापा जुनं कोष्ट्यांचं गाव. माग दिवसावर चालायचा तेव्हा अंधार पडला की हात थांबत. विजेचा दिवा आला आणि रात्रही मागावर बसली.

मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी झाड फुलावं म्हणून, बागाईतदार उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतो. झाडाची विश्रांती तो हिशेबात धरतो. बाग राखणाऱ्याची झोप कुणाच्याच हिशेबात नसते.

उजेडाचा विषय निघाला की चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवतात; ते १९२४ साली नागपुरात जन्मले. त्यांच्या चित्रांतला उजेड डोळ्यांवर आदळत नाही, थरांतून झिरपतो. त्याला विदर्भाच्या उन्हाशी जोडायचा मोह होतो. मी तो टाळतो. त्या चित्रांपुढे श्वास सावकाश होतो, आजार बरा होत नाही. चित्राकडे औषध मागणारा चित्रावरही अन्याय करतो आणि रोग्यावरही.

तेव्हा प्रकाश आणि मन या विषयावर कुणाला खाप्यात काही मांडायचंच असेल, तर त्याने दिवे आणू नयेत. मे महिन्यात एक मोठी खोली घ्यावी, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावावेत, पाणी मारत राहावं, आणि रातपाळी करून आलेल्यांना तिथे दुपारभर झोपू द्यावं. तिकीट ठेवू नये.