नांदायला जाण्याचा हुकूम

एकदा दहावीच्या वर्गात मी डॉ. रखमाबाईंची हकीकत सांगितली. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पण दादाजी भिकाजींच्या घरी त्या कधी नांदल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. जो संसार कधी मांडलाच नाही, तो पुन्हा मांडायला कसे लावावे, असे म्हणून न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करू, पण जाणार नाही, असे रखमाबाईंनी ठरवले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "लग्नाला 'हो' कोण म्हणालं होतं?"

"वडीलधारी माणसं."

"मग तुरुंगात त्यांनी जायचं ना!"

वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. दिलेला शब्द मोडू नये, हे मीच या मुलांना शिकवले होते. पण माझ्या नावाने दुसऱ्याने दिलेला शब्द माझा होतो का?

जुन्या पिढीचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. आईबाप आपण निवडत नाही, तरी त्यांचे ऋण मानतो. संसारही आवडीवर नव्हे, कर्तव्यावर उभा राहतो. हे मलाही पटते. परंतु कर्तव्य आपण खांद्यावर घ्यावे लागते. दावणीला बांधलेल्या गाईला कोणी कर्तव्यनिष्ठ म्हणत नाही.

आणखी एक गंमत पाहा. 'केसरी'सकट अनेकांनी धर्मरक्षण म्हणून दादाजींची बाजू उचलली. पण बायकोला कोर्टाच्या हुकुमाने नांदायला लावणारा दावा आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या कायद्यातून. त्याचे मूळ तिकडच्या चर्चच्या न्यायालयांत. आणि असा हुकूम मोडल्याबद्दलचा तुरुंग खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केला होता! उलट 'काडीमोड' हा शब्द आपला, आणि अनेक जातींत ती रीतही जुनी. रखमाबाईंच्या आईचाही पुनर्विवाह झालेला होता. म्हणजे परके ते धर्म ठरले आणि घरचे ते पाप!

जुलै १८८८ मध्ये २००० रुपये घेऊन दादाजींनी हुकुमाची अंमलबजावणी सोडली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे बायकांची सेवा केली. १९५५ साली हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या वारल्या. नांदायला लावण्याचा दावा मात्र त्याच कायद्याच्या नवव्या कलमात राहिला. त्यात तुरुंग नाही, एवढेच.

कायद्याचे कायदा पाहील. तुळशीचे लग्न लागले की घरोघर स्थळांच्या गोष्टी निघतील, आणि "मुलीला विचारलं आहे," असे आपण अभिमानाने सांगू. विचारावे जरूर, पण तिचे 'नाही' ऐकून घेण्याची तयारी ठेवून. ती तयारी नसेल, तर आपण तिला विचारले नाही, नुसते कळवले.