आवाज कुणाचा?

डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या एखाद्या पाड्यावर विशीतला मुलगा एकटाच बोलू लागला, जेवणात कुणीतरी काही घातलंय म्हणून ताट सारू लागला, की घरात पहिला शब्द निघतो तो ‘बाहेरचं झालंय’. मग भगताला बोलावणं जातं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हे आजही नवलाचं नाही. या घरांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मुलाला आवाज खरोखरच ऐकू येत असतात आणि ते बाहेरूनच येताहेत असं त्याला वाटत असतं. मग हा आवाज कुणाचा, हा त्या घराचा प्रश्न रास्त आहे. मेंदूविज्ञानालाही त्याच प्रश्नाने शंभराहून जास्त वर्षं झुलवलं.

जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये भाषेच्या विकारांवर लिहिताना मेंदूतल्या केंद्रांइतकंच महत्त्व त्यांना जोडणाऱ्या वाटांना दिलं. पुढे त्यांनी तोच विचार मनोविकारांना लावला. वाटा तुटल्या तर आपल्याच मनातला एखादा अंश आपल्याला परका भासू शकतो, असा त्यांचा तर्क होता. १९०८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी, ज्यात असे आवाज ऐकू येतात त्या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं. विचारांचे परस्परसंबंध सैल होणं हेच त्यांच्या मते आजाराचं मूळ होतं. दोघांचा रोख बरोबर होता. तो तपासायला साधन मात्र कुणाकडे नव्हतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेली एखादी ठरावीक जागाही सापडत नव्हती.

त्या पोकळीत एक क्रूर कल्पना घुसली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांच्या लेखनातून आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, हे मत पसरलं. या मताने कित्येक घरं पोळली आणि पुराव्याची बाजू तर त्याला कधीच नव्हती. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा उपयोग दिसून आला, रुग्णांचे आवाज शांत होऊ लागले आणि पुढे सगळं लक्ष डोपामीन या एका रसायनावर गेलं. ते योग्यच होतं, पण अपुरं. आवाज थांबल्यावरही अनेकांची उमेद परतत नाही, बोलण्याचा धागा जुळत नाही, लक्ष टिकत नाही. याचा उलगडा एकट्या डोपामीनने होत नव्हता.

लंडनमधल्या कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्ये मेंदूच्या भागांमधल्या बिघडलेल्या जोडणीचा विचार नव्याने मांडला. त्यातून पुढे आलेला मुद्दा असा की वाटा शाबूत असल्या तरी त्यांवरची देवाणघेवाण नीट नियंत्रित होत नाही. ते तपासायला आता साधनंही होती, त्यांतलं एक जुनंच. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये येना इथे माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या होत्या. त्यांतल्या सेकंदाला तिसाहून अधिक वेळा उमटणाऱ्या लहरींना गॅमा म्हणतात. भजनात प्रत्येकाचे टाळ उत्तम असूनही ठेका चुकला तर अभंग उभा राहत नाही, तसं मेंदूच्या दूरदूरच्या भागांना एका लयीत यावं लागतं. ही लय राखण्याचं बरंचसं काम शेजारच्या पेशींना वेळेवर आवरणाऱ्या काही चपळ पेशी करतात. सेकंदाला चाळीस टिकटिक ऐकवल्या की निरोगी मेंदू त्याच वेगाने साद देतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांची ही साद सरासरीने क्षीण असते, असं १९९९ मध्ये दिसलं आणि पुढेही अनेकदा दिसत राहिलं.

आवाजाच्या कोड्याला सर्वांत जवळून भिडलं ते मेंदूसंशोधक ज्युडिथ फोर्ड यांचं काम. आपण बोलतो तेव्हा मेंदू आपल्या श्रवणकेंद्राला आगाऊ वर्दी देतो, की हे आपलंच आहे. आणि त्या केंद्राचा प्रतिसाद मंदावतो. या आजारात ही मंदावण्याची क्रिया कमी पडते. वर्दी न मिळालेलं आपलंच मनातलं बोलणं परकं वाटत असावं. ही अजून सिद्धांताची पायरी आहे, तरी वेर्निके यांच्या तर्काला इतकी जवळची गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

या लहरी पाहून एखाद्या माणसाचं निदान आजही करता येत नाही. फरक दिसतो तो गटांच्या सरासरीत. निदान होतं ते डॉक्टरांनी बोलून, वेळ देऊन, घरच्यांचं ऐकून. म्हणून शिबिरात ‘मेंदूचा आलेख काढून आजार ओळखू’ असं कुणी सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पाड्यावरच्या आईला मात्र या संशोधनातून आजच देण्यासारखं काही आहे. पोराचं बोलणं खोटं नाही, हे तिला सांगता येतं. तिचं काही चुकलं म्हणून हे झालं नाही, हेही सांगता येतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली त्याला मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा त्याचा हक्क आहे. पण १९०१ पासूनचं मनोरुग्णालय ठाण्यात. मुरबाडला रेल्वे नाही, आधी एसटीने कल्याण गाठायचं आणि मग लोकल. शहापूरकरांना आसनगावहून गाडी मिळते, पण पाड्यावरून आसनगावपर्यंत यायचं असतं. एका फेरीत मजुरीचा दिवस बुडतो. उपचाराविना जितका काळ जातो तितकं सावरणं अवघड होतं, आणि गोळ्या मध्येच तुटल्या तर आवाज परतण्याची भीती मोठी असते. आईला समजावून सांगितल्यावर ती पहिल्यांदा हेच विचारणार, की पुढच्या महिन्याच्या गोळ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळतील का.