वाढावं कधी, थांबावं कधी

स्वस्थ बसा. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका. येतो तसा येऊ द्या, जातो तसा जाऊ द्या. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की क्षणभर थांबा, मगच पुढं चला.

पेण ते रोहा या पट्ट्यातला जानेवारी मनात आणा. भात घरात आलंय, वालाला शेंगा धरल्यात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केलाय. पोपटी नावाचा हा पदार्थ तयार होतो, मडकं उघडतं आणि पाल्याचा तो उग्र वास अंगावर येतो. आता तो वास तुमच्या आत कुठं पोचला, तिकडे लक्ष न्या.

दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकपुड्यांच्या पार वर, नाकाच्या छताला काही चौरस सेंटिमीटरची पातळ त्वचा आहे. तिच्यात लाखो गंधपेशी आहेत. या खऱ्याखुऱ्या चेतापेशी. त्यांचं एक टोक बाहेरच्या हवेला भिडतं, दुसरं कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत जातं. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर साथ देतात. या मात्र उघड्यावर राहतात, धूळ-धूर सोसतात आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत संपतात. गेल्या वर्षीची पोपटी ज्यांनी हुंगली, त्यातल्या बऱ्याचशा आज नाहीत. तरीही वास ओळखीचा आहे. इथं थोडं थांबा.

त्यांची जागा कोण भरतं? त्याच त्वचेच्या तळाशी मूलपेशी आहेत. काही सतत विभागत राहतात. काही निपचित असतात आणि मोठी इजा झाली की जाग्या होतात. 2020 आणि 2021 मध्ये कोविडनं घरोघरी वास हिरावला, तेव्हा विषाणूचा मारा मुख्यतः गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारपेशींवर झाला होता. बहुतेकांचा वास परतला, कारण ही त्वचा स्वतःला पुन्हा उभी करू शकते.

आता त्या मूलपेशीपाशीच बसा. कधी विभागायचं, कधी थांबायचं, हे ती एकटी ठरवत नाही. शेजारच्या पेशींकडून तिला प्रथिनांचे निरोप येतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. ते शोधल्याबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं. माणसाच्या नाकातून दुर्बिणीनं त्वचेचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत या पेशी वाढवता येतात. ईजीएफ आणि एफजीएफ-2 हे दोन घटक दिले की त्या विभागतात, त्यांचे गोळे तयार होतात. हे घटक काढून घेतले की विभागणी मंदावते आणि पेशी रूप धरू लागतात: कुणी चेतापेशी होते, कुणी तिला सांभाळणारी पेशी. बीडीएनएफसारखा घटक कोवळ्या चेतापेशीला तगून राहायला मदत करतो.

भाताच्या खाचरात रोप वाढत असताना पाणी राखतात आणि दाणा पिकू लागला की बांध फोडून ते काढून देतात. पाणी तसंच ठेवलं तर पीक चांगलं येत नाही. पेशीचंही असंच आहे. देणं जितकं गरजेचं, वेळेवर हात आखडणं तितकंच. आपल्या हाताखाली वाढणाऱ्या माणसांना आपण काय देतो आणि कधी थांबतो, याचा विचार या श्वासाबरोबर करा.

एक गोष्ट जड मनानं सांगावी लागते. पोर्तुगालमध्ये एका तरुण मुलीच्या इजा झालेल्या मज्जारज्जूत, तो सुधारेल या आशेनं, तिच्याच नाकातली ही त्वचा बसवली गेली. सुमारे आठ वर्षांनी पाठीत गाठ सापडली. तिच्यात नाकातल्यासारख्याच पेशी होत्या आणि त्या शेंबूड तयार करत होत्या. पेशींनी आपला धर्म सोडला नव्हता. जागा चुकली होती. वाढीची ताकद आणि वाढीवरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बरीचशी हाती आली आहे, दुसरी अजून यायची आहे.

म्हणून हे मनन कृतीत उतरू द्या. रोह्याजवळच्या धाटावच्या रसायन कारखान्यांत काम करणाऱ्यांनी मास्क टाळू नये. वायुगळतीची पहिली खबर अनेकदा नाकच देतं. वास गेला आणि दोन-तीन आठवड्यांत परतला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन, निदान तीन महिने हुंगा. अनेकांना त्याचा उपयोग होतो. आणि कुणी स्टेम सेलचं, म्हणजे मूलपेशींचं, इंजेक्शन विकायला आलं, तर एवढंच विचारा: ही नोंदणी झालेली चाचणी आहे का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगळता असे उपचार अजून प्रयोगच आहेत आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, तर तिथून उठून या.