रोजीचे वचन आणि तलाकचा हिशेब



जो अल्लाहचे भय बाळगतो त्याला अल्लाह संकटातून वाट काढून देतो आणि कल्पनाही नसेल अशा ठिकाणाहून रोजी पुरवितो, हे वचन आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. धंदा मंदावला की आपण त्याचा आधार घेतो. परंतु दिव्य कुरआनात हे वचन व्यापाराच्या प्रकरणात आलेले नाही. ते सूरह अत्-तलाकच्या दुसऱ्या व तिसऱ्या आयतींत, इद्दत, साक्षीदार, निवारा आणि खर्च यांच्या आज्ञांमध्ये आले आहे.

यामागील हिकमत ध्यानात घ्या. संसार मोडताना मनुष्याचा हात आखडतो. ‘आता हिला कशाला द्यायचे?’ असा विचार मनात डोकावतो. नेमक्या त्याच क्षणी अल्लाह त्याला सांगतो की रोजी देणारा मी आहे. आपल्याकडे तलाकचे शब्द कसे उच्चारले याची चर्चा रात्रभर होते. देणे किती राहिले याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

पहिले देणे मेहरचे. मेहर हे पतीवरील कर्ज आहे. तो उधार ठेवला असेल, तर तलाक होताच देय होतो. सहवासापूर्वीच तलाक झाला आणि मेहर ठरलेला असेल, तर निम्मा मेहर द्यावा लागतो (सूरह अल-बकरा, आयत 237). पत्नीला सोन्याची रास दिली असली तरी तिच्यातून काहीही परत घेऊ नये, अशी ताकीद सूरह अन्-निसाच्या विसाव्या आयतीत आहे.

काही जण पत्नीला इतके छळतात की तिनेच कंटाळून खुला मागावा आणि मेहर सोडून द्यावा. अशांनी त्याच सूरहची एकोणिसावी आयत वाचावी. दिलेल्यातील काही भाग उकळण्यासाठी स्त्रियांना अडवून धरू नका, असा तिचा स्पष्ट आदेश आहे. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने विभक्त होण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मेहरची बाग परत करण्यास ती राजी आहे का, हे तिला विचारले आणि मग साबित यांना बाग घेऊन तिला मुक्त करण्यास सांगितले. तेथे पत्नीला पती नको होता. पतीनेच जगणे असह्य केले असेल, तर त्याने मेहर गिळंकृत करणे हा जुलूम होय.

दुसरे देणे इद्दतीतील निवारा व खर्च. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीची इद्दत तीन पाळ्यांची, न येणारीची तीन महिन्यांची आणि गर्भवतीची प्रसूतीपर्यंत असते. इद्दतीत पत्नीला घराबाहेर काढू नका, ही या सूरहच्या पहिल्याच आयतीतील आज्ञा आहे. तरीही रागाच्या भरात तिला त्याच रात्री माहेरी पोहोचविले जाते!

तिसरे, तिची मालमत्ता. आई-वडिलांनी तिला दिलेले दागिने, भांडी, कपाट ही तिचीच. ती सासरी अडकवून ठेवणे म्हणजे अमानतीत खयानत करणे होय.

चौथे, मुले. लहान मूल आईजवळ वाढले तरी त्याचा खर्च पित्यावर आहे. घटस्फोटित आई बाळाला दूध पाजत असेल, तर तिला त्याचा मोबदला देण्याचा आदेश सहाव्या आयतीत आहे. पत्नीवरील रागाची शिक्षा लेकरांच्या शाळेच्या फीला का?

देशाचा कायदाही जाणून घ्या. 1986च्या कायद्यानुसार मेहर, विवाहाच्या वेळी व आगेमागे मिळालेल्या वस्तू आणि वाजवी तरतूद यांवर घटस्फोटितेचा हक्क आहे. ही तरतूद इद्दतीच्या मुदतीत करावयाची असली, तरी ती तिच्या पुढील आयुष्याचा विचार करून असावी, असे 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखालील पोटगीही ती मागू शकते, असा निर्णय 2024 साली झाला. 2019च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक निरर्थक ठरविला असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इद्दतीनंतरच्या पोटगीविषयी आलिमांत मतभेद आहेत. परंतु घटस्फोटितेला रीतीप्रमाणे काही देऊन निरोप देणे हे ईशभीरूंचे कर्तव्य आहे, हे सूरह अल-बकराच्या 241व्या आयतीत स्पष्ट आहे. आपण ते आपणहून दिले, तर तिला न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ का यावी?

म्हणून दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी समेटाचे सर्व प्रयत्न करावेत. ते निष्फळ ठरल्यास त्याच बैठकीत मेहर, दागिने, इद्दतीचा खर्च व मुलांची मासिक रक्कम कागदावर लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण देणारा कुरआन आपल्या हाती आहे. भगिनींनो, समजल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. हक्क मागणे हा निर्लज्जपणा नव्हे.

ऐपतवाल्याने ऐपतीप्रमाणे द्यावे, तंगीत असलेल्याने अल्लाहने दिले त्यातून द्यावे. झेपेल त्याहून अधिक भार अल्लाह कोणावरही टाकत नाही. मात्र येथे बुडविलेले देणे कयामतच्या दिवशी नेकींतून फेडावे लागेल. अल्लाह आपल्या घरांना तुटण्यापासून वाचवो आणि तुटलेच तर आपल्या हातून कोणाचाही हक्क बुडू न देवो. आमीन.